तिसऱ्या खुर्चीपुढचा ग्लास

सरला गेल्यापासून चार महिन्यांत मोरेश्वररावांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आणि एडिसन गावातल्या मराठी मंडळींना याचं फार कौतुक होतं. काका किती खंबीर आहेत, असं जो तो म्हणायचा. भेटायला येणाऱ्या बायका डबे घेऊन यायच्या, स्वतःच रडायच्या, आणि मोरेश्वररावच त्यांना चहा करून द्यायचे. खंबीर कसले! दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपला असून आपला वाटत नाही, तशी त्यांची गत झाली होती. लॉन कापत होते, बिलं भरत होते, जेवत होते. भाजीत मीठ आहे का असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. रविवारी सकाळी ते अजूनही जिना चवड्यांवर उतरायचे, कारण रविवारी दहाच्या आधी उठणं सरलाला जन्मात जमलं नव्हतं आणि तिची झोपमोड झाली की सगळ्या घराचा दिवस फुकट जायचा.

एक गोष्ट मात्र त्या बधिरपणातही सलत होती. दहाव्याला कावळा शिवला नव्हता.

एरवी त्यांच्या मागच्या अंगणातल्या मेपलवर कावळ्यांची शाळा भरायची. श्रीरंग गुरुजी सोमवार ते शुक्रवार एका कंपनीत डेटाबेस सांभाळत आणि सुट्टीच्या दिवशी पूजा सांगत. त्यांनी झाड बघूनच सांगितलं होतं, "काका, इथे काही प्रॉब्लेम येणार नाही." पिंड ठेवला. शेजारी सरलाच्या आवडीचं मांडलं. पुरणपोळी, अळूवडी, आंब्याचा रस, तोही डब्यातला. आणि नेमकं त्या दिवशी आकाशात पाखरू दिसेना. मोरेश्वररावांनी हात जोडून एकेक कबूल करायला सुरुवात केली. इलाच्या लग्नाची घाई करणार नाही. तुझ्या साड्या तुझ्या बहिणीला पाठवीन. पुण्याचा फ्लॅट विकणार नाही. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन करून घेईन. कावळा नाही. एक खार आली आणि अळूवडी उचलून पळाली. "खार चालते का?" असं इलाने विचारलं, तेव्हा गुरुजींनी खेदाने मान हलवली. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि मंडळी जेवायला बसली. लांबून आलेल्यांना परत जायचं होतं.

तेव्हापासून मोरेश्वरराव मनाशी तेच ते उगाळत होते. चौतीस वर्षं जिच्याबरोबर संसार केला तिची काय इच्छा राहिली, हे आपल्याला ओळखता आलं नाही. म्हणजे एकतर ती आपल्यावर नाराज होऊन गेली, नाहीतर ती आपल्याला कधी कळलीच नव्हती. यातलं दुसरं त्यांना जास्त भयंकर वाटत होतं.

जुलैतल्या एका आठवड्यात इलाचा फोन आला. इला ही त्यांची एकुलती एक मुलगी. जन्म इथला, शाळा इथली; मराठी समजायचं सगळं, बोलायची निम्मं. जर्सी सिटीतल्या एका उंच इमारतीत ती एकटी राहायची आणि शहरात फुकट वाटल्या जाणाऱ्या एका साप्ताहिकात नोकरी करायची. तिथे ती एक सदर लिहायची: साध्यासुध्या रेस्टॉरंटांच्या वाइन लिस्टचं परीक्षण. झगमगाटी जागा नव्हेत. जिथे टेबलावर कागद अंथरतात आणि वेटरचं पेन कानावर असतं, अशा जागा. आपण कोण ते न सांगता जायचं, तीन-चार ग्लास मागवायचे, आणि ती लिस्ट त्या स्वयंपाकाला शोभते की छापायची म्हणून छापली आहे, ते लिहायचं.

मोरेश्वरराव या सदराबद्दल चारचौघांत बोलत नसत. "इला पेपरात लिहिते," एवढंच सांगत. आमच्या घरात कुणी थेंबालाही शिवत नाही, हे मात्र ते प्रत्येक पार्टीत, कुणी विचारो न विचारो, सांगत. शेजारी सरला ऑरेंज ज्यूसचा ग्लास घेऊन उभी असायची. पार्टी संपली की डुलणारी मंडळी काकांच्या गाडीतून सुखरूप घरी पोचायची. एडिसनमध्ये त्यांना जो मान होता तो बराचसा या गाडीमुळे होता.

"बाबा, रविवारी लंचला ये ना," इला म्हणाली. "कॉलमसाठी एका ठिकाणी जायचंय. एकटी बाई चार ग्लास घेऊन बसली की लोक बघतात."

"मी काय करायचं तिथे?"

"नथिंग. जस्ट सिट."

नुसतं बसणं त्यांना हल्ली चांगलं जमत होतं. ते गेले.

रेस्टॉरंट पोर्तुगीज होतं. दाराशी मातीचा रंगीत कोंबडा, टीव्हीवर फुटबॉल, आणि कोळशावर भाजणाऱ्या कोंबड्यांचा वास. इलाने वडिलांसाठी भात, घेवडा आणि उकडलेले बटाटे मागवले. शाकाहारी माणसाला तिथे याहून जास्त काही मिळण्यासारखं नव्हतं. वाइन लिस्ट एका पानाची होती, प्लास्टिकमध्ये घातलेली, कोपऱ्यावर तेलाचं बोट उमटलेलं. इला ती वाचत नव्हती, नुसती हातात धरून बसली होती.

"आवडली नाही का?" मोरेश्वररावांनी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"लिस्ट चांगली आहे. छोटी आहे. सगळं त्यांच्या गावाकडचं आहे, शो-ऑफ नाही," इला म्हणाली. "आणि सगळ्यात स्वस्त ग्लास मागितला तर इथे वेटरचं तोंड वाकडं होत नाही. तोंड वाकडं झालं की लिस्ट फेल. हा रूल..." ती थांबली. स्वयंपाकघराच्या दारातून एक पन्नाशीची ठसठशीत बाई बाहेर येत होती, आणि तिला बघून इलाचा चेहरा पडला.

"हनी!" ती बाई दुरूनच ओरडली. तिचं नाव लिडिया. इतके दिवस कुठे होतात, अशी तिने इलाची हजेरी घेतली, मोरेश्वररावांकडे बघून "फादर?" असं विचारलं, त्यांचा हात दाबला आणि ऑर्डर न घेताच आत गेली. परत आली ती ट्रे घेऊन. इलापुढे लाल वाइनचे दोन ग्लास ठेवले, मोरेश्वररावांपुढे पाणी. आणि मग तिसऱ्या, रिकाम्या खुर्चीपुढे तिने आणखी एक ग्लास ठेवला. फिकट, जरासा हिरवट, बाहेरून दव धरलेला.

"ममा मागून येतेय ना?" लिडिया म्हणाली. "तिचं मी ओतूनच आणलं. तिला थंड लागतं."

मग इलाने हळू आवाजात, इंग्रजीत, दोन वाक्यांत सांगितलं. लिडियाने छातीवर क्रूस काढला, तोंडावर हात ठेवला आणि घाईघाईने तो ग्लास उचलायला वाकली.

"लीव्ह इट," मोरेश्वरराव म्हणाले. का म्हणाले ते त्यांनाही कळलं नाही. लिडियाने एकदा त्यांच्याकडे बघितलं, ग्लास खुर्चीच्या बरोबर समोर सरळ करून ठेवला, आणि ती गेली.

"मला वाटलं रविवारी लिडिया नसते," इला म्हणाली. "सॉरी बाबा. आय वॉज गोइंग टू टेल यू."

"सरला प्यायची?"

"एक ग्लास. कधी दीड."

"कधीपासून?"

"कॉलम सुरू झाल्यापासून. मी कॉलमसाठी जायचे तिथे ती बरोबर असायची. आणि तिथलं बेकार निघालं की आम्ही इथे यायचो."

"ते गुरुवार?" मोरेश्वररावांनी विचारलं. एकाआड एक गुरुवारी ते स्वतः सरलाला स्टेशनवर सोडायचे. इलाकडे जाते, पोरीला दोन दिवसांचं करून ठेवते, असं ती सांगायची. संध्याकाळी आणायला गेले की गाडीत बसल्या बसल्या मूठभर बडीशेप तोंडात टाकायची. पित्त झालंय म्हणायची. "तुला दोन दिवसांचं करून ठेवायची ना ती?"

"बाबा, माझ्या फ्रीजमध्ये केचप असतं."

मोरेश्वररावांनी बटाट्याचा तुकडा तोंडात टाकला. कापूस चघळावा तसा तो चघळला. आता राग यायला पाहिजे, असं त्यांना वाटलं, आणि ते रागाची वाट बघत बसले. किती पार्ट्यांत आपण छाती पुढे काढून ते वाक्य म्हटलं, आणि ही शेजारी ज्यूस पीत उभी. तिला हसू येत असेल का? मग लाज वाटायला पाहिजे, असंही त्यांना वाटलं. दोन्हींतलं काही आलं नाही. फुटबॉलमध्ये कुणीतरी गोल केला आणि बारपाशी बसलेली माणसं ओरडली.

"मला का नाही सांगितलं?"

इलाने याचं उत्तर आईच्या शब्दांत दिलं, म्हणून ते अख्खं मराठीत आलं. "ती म्हणायची, ह्यांना सांगू नकोस हं. हे रागावणार नाहीत, नुसते गप्प बसतील. आणि हे गप्प बसलेले मला बघवत नाहीत."

मोरेश्वरराव गप्प बसले. मग आपण गप्प बसलो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं.

"म्हणजे दहाव्याला हे ठेवायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

"काय?"

"हे. कावळा कसा शिवेल? आपण डब्यातला आंब्याचा रस ठेवला. मी आपला साड्या आणि फ्लॅट कबूल करत बसलो. तिला हवं होतं ते इथे."

इलाला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग डोळे भरले. "श्रीरंगकाकांसमोर? वाइनची बाटली?"

"त्यांनी मंत्र म्हटला असता. ते काहीही ॲडजस्ट करतात." हे मोरेश्वरराव गंभीरपणे बोलले होते, पण इला नॅपकिनमध्ये तोंड लपवून बराच वेळ हसत राहिली, आणि मग हसत नव्हती.

नॅपकिन खाली आला तेव्हा तिने खरं सांगून टाकलं. सदर तिचं होतं, पण जीभ आईची होती. इला बाटल्यांची वर्षं मोजायची, नावं तपासायची, लाल वाइन स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून कोमट झाली आहे का ते बघायची. चव सांगायची आई. एक घोट घ्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, जांभळाची बी चोखल्यासारखं आहे. किंवा, याला ओल्या गोणपाटाचा वास येतोय, परत पाठव. इला ते इंग्रजीत घालायची आणि वाचणाऱ्यांना वाटायचं, काय पोरगी आहे! सरला गेल्यापासून इलाने दोनदा प्रयत्न केला होता. सगळ्या वाइन सारख्या लागल्या. कशाच लागल्या नाहीत. संपादकीणबाई भल्या होत्या, त्यांनी चार महिने कळ काढली. पण उद्या काही दिलं नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

"जाऊ दे ना मग," मोरेश्वरराव म्हणाले.

"नाही ना जाऊ द्यायचं. तेवढंच आमचं दोघींचं होतं." इलाने एक लाल ग्लास त्यांच्याकडे सरकवला. "तू सांगशील? वन सिप. फक्त कसं लागतं ते सांग. प्लीज."

साठी उलटून गेलेल्या, आयुष्यभर निर्व्यसनी माणसाला मुलीने असं सांगावं आणि त्याने ऐकावं, हे एरवी घडलं नसतं. पण निग्रह करायलासुद्धा आतून जरा जोर लागतो, आणि तो मोरेश्वररावांपाशी नव्हता. त्यांनी ग्लास उचलला. इलाने आधी त्यातला घोट घेतला होता, काठावर तिच्या ओठांचा डाग होता. उष्टं कुणाचं प्यायचं नाही, हे तर लहानपणापासून हाडात मुरलेलं. तेव्हा त्यांनी मान मागे टाकली, ग्लास वीतभर वर धरला आणि तांब्यातलं पाणी प्यावं तशी वाइन वरून तोंडात सोडली.

तो तांब्या नव्हता. निम्मी वाइन हनुवटीवरून सदऱ्यावर आली. पलीकडच्या टेबलावरचं जोडपं खायचं थांबून बघत राहिलं.

"कशी आहे?" इलाने विचारलं.

"पातळ."

"दॅट्स नॉट अ टेस्ट, बाबा. दुसरी घे."

दुसरीही त्यांनी तशीच घेतली. या वेळी नाकात गेली. "ही पण पातळ आहे," ते खोकत म्हणाले.

"अरे, असं वरून कसं कळेल? ग्लासला तोंड लाव. आधी नाकाने घ्यायचं, मग जिभेवर. आई पण पहिल्यांदा असंच करत होती. लिडियाने तिला शिकवलं."

"तुझं उष्टं आहे."

"आय ॲम युवर डॉटर!"

तरी त्यांनी तोंड लावलं नाही. इलाने लिस्ट उचलली, पुन्हा ठेवली. लिस्टमधलं आता काही वाचायचं राहिलं नव्हतं. "सोड, बाबा. उद्या सांगते त्यांना, नाही जमलं," ती म्हणाली, आणि ते तिने इतक्या सपाट आवाजात म्हटलं की मोरेश्वररावांनी मान वर केली. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. गेले चार महिने फोनवर लोकांना "मी ठीक आहे" सांगताना ते याच आवाजात सांगत होते.

त्यांनी तिसऱ्या खुर्चीकडे बघितलं. ग्लासवरचं दव ओघळून खालचा कागद गोल भिजला होता. पान वाढलेलं होतं, आणि कुणी शिवलेलं नव्हतं.

मोरेश्वररावांनी हात लांब केला आणि तो ग्लास आपल्यापुढे ओढला.

"बाबा, ते राहू दे. यू डोन्ट हॅव टू."

"कावळा तर आला नाही," ते म्हणाले. "कुणीतरी शिवायला पाहिजे."

या वेळी त्यांनी ग्लास वर धरला नाही. ओठ काठाला लावले, सांगितलं होतं म्हणून आधी नाकाने घेतलं, आणि मग घोट घेतला. आधी थंडगार लागलं. मग जिभेच्या दोन्ही कडांना आंबट, आणि टोकाशी बारीक बारीक काहीतरी चुरचुरलं. इतक्या दिवसांनी तोंडात काहीतरी लागत होतं.

"ती काय म्हणायची याला?" त्यांनी विचारलं.

"नीरा. प्रत्येक वेळी तेच. नीरेसारखी आहे गं, अगदी नीरा. मी कधी लिहिलं नाही. मला माहीतच नाही नीरा कशी असते."

"नीरा?" मोरेश्वररावांचा आवाज चढला. "ही नीरा? काहीतरीच! नीरा गोड असते, इला. शहाळ्याच्या पाण्याहून गोड. पहाटे झाडावरून उतरवतात आणि उन्हं यायच्या आत प्यायची असते. ती काय आंबट लागते कधी? तुझ्या आईला चव म्हणून..."

ते थांबले. ग्लास हातात तसाच राहिला.

लग्नानंतरचं पहिलं वर्ष. पुण्यात शनिवार पेठेत भाड्याची एक खोली. दर रविवारी ते उजाडताच सायकलवर नीरा केंद्रावर जायचे आणि नव्या नवरीसाठी कडीच्या डब्यातून नीरा आणायचे. नवरी झोपलेली. नऊ वाजायचे, साडेनऊ वाजायचे, डबा खिडकीत तसाच, आणि खिडकी पूर्वेची. सरला उठायची तोवर नीरा फसफसायला लागलेली असायची. टाकून दे, आता ती चढेल, असं ते ओरडायचे. ती डबा तोंडाला लावून सगळी संपवायची, वर ओठ पुसून "छान आहे हो, थोडी चुरचुरते," म्हणायची, आणि दुपारपर्यंत कारण नसताना हसत सुटायची. ताजी नीरा तिने उभ्या जन्मात प्यायली नव्हती. नीरा म्हणजे तिच्या लेखी हीच, आंबट, चुरचुरणारी. हे तिने इलाला सांगितलं नसणार, कारण आपली नीरा आंबलेली असायची हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. ते जगात एकट्या मोरेश्वररावांना ठाऊक होतं.

"अगं, तू उठायचीस कधी?" ते रिकाम्या खुर्चीला म्हणाले. "ताजी कशी लागते हे तुला कुठून कळणार? मी इतक्या लांबून आणायचो, सरला, आणि तू..."

चार महिने कुठे अडकून बसलं होतं कोण जाणे, ते सगळं एकदम वर आलं, आणि मोरेश्वरराव त्या कागदाच्या टेबलक्लॉथवर, घेवड्याच्या ताटलीशेजारी, कपाळ टेकून हमसून हमसून रडले. तिची फार आठवण येत होती. दुसरं काही नव्हतं, फक्त तिची फार आठवण येत होती. इला उठून त्यांच्या बाजूला आली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. लिडियाने टीव्हीचा आवाज कमी केला.

बऱ्याच वेळाने त्यांनी सदऱ्याच्या कोरड्या बाहीने तोंड पुसलं, आणि इलाला डब्याची, खिडकीची, फसफसणाऱ्या नीरेची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. ती ऐकताना इलाने नकळत तिसऱ्या ग्लासातला एक घोट घेतला आणि जीभ टाळ्याला लावून बघितली. मग मोरेश्वररावांनी तिच्या हातून ग्लास परत घेतला आणि जिथे तिचे ओठ लागले होते तिथूनच ते प्यायले.

"मग काय लिहू?" इलाने विचारलं.

"लिही," ते म्हणाले, "लिस्ट चांगली आहे. आणि ही जी आहे, ती रविवारी उशिरा उठणाऱ्यांसाठी आहे."

त्यांनी ग्लास संपवला, खिशातून गाडीची किल्ली काढली आणि इलापुढे ठेवली. "मला घरी सोड," ते म्हणाले. "आज मी चालवू नये."